कोरियात शिकवताना: शाळेची सहल, शनिवार-रविवारची भटकंती आणि डब्याचा प्रश्न

प्रश्न असा आहे: बी.एड. झालेल्या एका शिक्षिकेची कोरियातल्या सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून निवड झाली आहे आणि मार्चमध्ये रुजू व्हायचं आहे. शाळेच्या सहलींत आपल्याकडे नेमकं काय काम येतं, शनिवार-रविवारी स्वतः फिरायचं कसं, आणि शाकाहारी माणसाचं या सगळ्यात निभावतं का?

भारतीय पासपोर्टवर ही नोकरी मिळते ती १ जानेवारी २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया सेपा (व्यापक आर्थिक भागीदारी) करारामुळे. म्हणजे तुम्ही ई-२ व्हिसावर, परदेशी भाषा शिकवणाऱ्यांच्या व्हिसावर, असाल आणि त्याची एक अट फिरण्याशीही जोडलेली आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आधी शब्द. शिक्षक-खोलीत तीन-चार वेगवेगळे शब्द कानावर पडतील आणि प्रत्येकाचा अर्थ तुमच्या वेळापत्रकासाठी वेगळा असतो. 'सोपुंग' म्हणजे एका दिवसाची सहल, डबा घेऊन. कागदोपत्री आता तिला 'ह्योनजांग छेहॉम हाक्सुप', म्हणजे प्रत्यक्ष अनुभवातून शिक्षण, असं म्हणतात. 'सुहाक योहेंग' ही मुक्कामी शैक्षणिक सहल, बहुतेक वेळा वरच्या वर्गांची, दोन किंवा तीन दिवसांची. 'सुर्योनह्वे' म्हणजे शिबिर: प्रशिक्षक असतात, दोरांचे खेळ असतात, रात्री मेणबत्त्या लावून आई-वडिलांच्या आठवणी काढल्या जातात आणि अख्खा हॉल रडतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो. काही बिनसलेलं नसतं, तो कार्यक्रमाचाच भाग आहे.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत एसटी ठरवून सहल निघते. तिथे शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि सहलीचे महिने एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनच्या अखेरीपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तिथला पावसाळा, 'जांगमा', असतो. सहलीचा आराखडा मात्र वर्षाच्या सुरुवातीलाच बनतो. शाळा संचालन समितीची मंजुरी, पालकांची संमतीपत्रं, शिक्षकांनी आधी जाऊन केलेली जागेची पाहणी, बसचा करार, विमा, असा मोठा कागदी प्रवास त्यामागे असतो. त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सहशिक्षिकेला, म्हणजे तुमच्याबरोबर तास घेणाऱ्या कोरियन शिक्षिकेला, सरळ विचारा: कोणत्या इयत्तेची सहल कोणत्या तारखेला, मी जाणार आहे का, आणि नसेन तर त्या दिवशी माझे तास कोणाचे? हे विचारलं नाही तर बातमी आदल्या दिवशी दुपारी मिळते. कोणी लपवलेलं नसतं. मराठी शाळेतल्या नोटीसफलकासारखंच, ज्याला वाचता येतं त्याला महिनाभर आधी ठाऊक असतं. पाचवी-सहावी सहलीला गेली आणि तुमचं नाव यादीत नसेल, तर रिकाम्या शाळेत टेबलापाशी बसून दिवस काढावा लागतो. तोही कराराचा भागच.

एवढी कागदपत्रं कशासाठी, हे समजून घ्या, म्हणजे सहकाऱ्यांचा ताण समजेल. १६ एप्रिल २०१४ रोजी सेवोल ही बोट बुडाली आणि ३०४ जण गेले. त्यातले २५० जण जेजू बेटावर मुक्कामी सहलीला निघालेले एकाच शाळेचे विद्यार्थी होते. त्यानंतर त्या सत्रातल्या देशभरच्या मुक्कामी सहली थांबवल्या गेल्या आणि सुरक्षेचे नियम नव्याने लिहिले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोकछो शहरात सहलीच्या ठिकाणच्या पार्किंगमध्ये बसखाली सापडून प्राथमिक शाळेतलं एक मूल गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये खालच्या न्यायालयाने वर्गशिक्षकाला दोषी धरलं आणि अनेक शाळांनी सहली रद्द केल्या. जून २०२५ पासून सुधारित कायदा लागू झाला: सुरक्षेची कर्तव्यं नीट पार पाडलेल्या शिक्षकाला जबाबदारीतून सूट मिळते. तरी भीती गेलेली नाही. एखादी सहकारी सहलीच्या आदल्या दिवशी गप्प गप्प असेल, तर तिच्या मनात हेच चालू असतं. 'सहल म्हणजे मजा' असं तिला म्हणू नका. 'बसच्या दाराशी मी थांबते' असं म्हणा.

कारण खरं काम तिथेच आहे. वर्गाची कायदेशीर जबाबदारी वर्गशिक्षकाची असते, पण धोक्याच्या जागा मोजक्या असतात आणि तिथे दोन डोळे जास्त लागतात. सगळ्यात मोठी जागा म्हणजे पार्किंग. वसंतात एव्हरलँड या मनोरंजन उद्यानाच्या किंवा ग्योंगजू या जुन्या राजधानीच्या बसतळावर चाळीस-पन्नास बसगाड्या उभ्या असतात, सगळ्या एकसारख्या. काही मागे घेतल्या जात असतात, काही आत शिरत असतात. चालकाला बसच्या नाकासमोरचे आणि मागच्या चाकाजवळचे काही फूट दिसत नाहीत, आणि सातवीच्या आतलं मूल उंचीने नेमकं त्या आंधळ्या पट्ट्यात मावतं. म्हणून क्रम असा ठेवा. बस पूर्ण थांबली, हँडब्रेक लागला, की आधी एक मोठी व्यक्ती उतरते. ती दारापासून चार-पाच पावलांवर, भिंतीच्या किंवा फूटपाथच्या बाजूला उभी राहते. मुलं एकेक करून उतरतात आणि तिच्याकडेच चालत जातात. रांग बसच्या पुढे किंवा मागे कधीच लावायची नाही. शेवटचं मूल उतरल्यावर दुसरी व्यक्ती मागच्या बाकापासून पुढे येत प्रत्येक सीटखाली पाहते: राहिलेली टोपी, पाण्याची बाटली आणि क्वचित झोपलेलं मूल. एका वेळी एकच रांग चालते, पुढे एक शिक्षक, मागे एक. चालताना मागे वळून मोजायला जाऊ नका. मोजायचं ते उभं राहून.

मोजण्याची कोरियन पद्धत शिकून घ्या, ती छान आहे. वर्गात प्रत्येक मुलाला क्रमांक असतो. 'बॉनहो' म्हटलं की मुलं आपापला क्रमांक ओरडत जातात आणि आवाज जिथे अडखळतो तिथे कोण नाही ते लगेच कळतं. बसमध्ये मात्र नुसत्या ओरडण्यावर विसंबू नये, कारण गैरहजर मित्राचा क्रमांक गंमत म्हणून दुसराच ओरडतो. बस सुटण्यापूर्वी मधल्या वाटेने चालत जाऊन डोकी मोजायची, पट्टा हाताने ओढून पाहायचा, आणि आकडा वर्गशिक्षकाला मोठ्याने सांगायचा. त्यांचा आणि तुमचा आकडा जुळला तरच दार बंद. उतरण्यापूर्वी पुढच्या काचेवरच्या पाटीचा फोटो काढा. त्यावर शाळेचं नाव आणि बसचा क्रमांक असतो. नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे मुलांकडून पाठ करून घ्या, इंग्रजीत घ्या. दहा मिनिटांचा इंग्रजीचा तास तिथेच होतो आणि हरवलेल्या मुलाला तोच आकडा परत आणतो.

बसमध्ये उलटी होणारी दोन-तीन मुलं ठरलेली असतात. त्यांना पुढच्या दोन ओळींत बसवा, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि ओले टिश्यू आपल्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. उलटी थांबवणारी गोळी किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी स्वतःहून कोणालाही देऊ नका. औषध घरून आलेलं असेल तर वर्गशिक्षक देतात.

डबा. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल.

सोपुंगचा डबा म्हणजे किंबाप, हे समीकरण पक्कं आहे. घराघरांत पहाटे भाताची गुंडाळी होते: समुद्री शेवाळाचा काळा कागद, त्यावर तिळाचं तेल आणि मीठ लावलेला भात, त्यात पिवळा खारवलेला मुळा, गाजर, पालक, अंड्याची पट्टी, आणि त्याबरोबर हॅम, माशाचा केक, खेकड्याच्या चवीची कांडी. दुकानातून 'साधा' किंबाप घेतला तरी त्यात हॅम असतोच. 'हॅम प्पे जुसेयो' (हॅम काढा) म्हटल्यावर हॅम जातो, माशाचा केक राहतो. त्यामुळे शाकाहारी माणसाने सहलीचा किंबाप घरी करावा. एका गुंडाळीला साधारण दोनशे ग्रॅम शिजलेला भात पुरतो. मोठ्या माणसाला दीड ते दोन गुंडाळ्या लागतात. बिघडतो तो तीन कारणांनी. भात गरम असताना पसरला की कागद आकसतो आणि चिवट होतो, म्हणून भात कोमट होऊ द्या. पालक उकडून घट्ट पिळला नाही तर दोन तासांत पाणी सुटून गुंडाळी फुटते. आणि वरच्या कडेला दोन बोटं जागा मोकळी सोडली नाही तर शिवण चिकटत नाही. कापताना सुरीला तिळाचं तेल पुसत राहा. आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवू नका, भात दगडासारखा होतो. मे महिन्याच्या उन्हात सकाळी सहाचा किंबाप दुपारी बाराच्या आत संपवावा.

पोळी-भाजीचा डबा नेला तरी चालतो, उलट मुलं भोवती जमतात. पण शेंगदाणे, तीळ, काजू घातलेलं काही मुलांना वाटू नका, अ‍ॅलर्जीची यादी वर्गशिक्षकाकडे असते आणि सांगितल्याशिवाय काहीही देणं चूक. उलट दिशेचंही सांभाळा. एखादी आई 'टीचरसाठी' म्हणून डबा पाठवते. २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या लाचप्रतिबंधक कायद्यामुळे शाळेतल्या माणसांनी पालकांकडून काहीही घ्यायचं नसतं, मग तो डबा का असेना. मुलाने स्वतःच्या डब्यातला एक तुकडा पुढे केला तर ती वेगळी गोष्ट. बांधलेला डबा मात्र प्रेमाने परत करायचा आणि सहशिक्षिकेला सांगून ठेवायचं.

जेवणानंतरचा जुना खेळ म्हणजे 'पोमुल छात्की', खजिना शोधणं. शिक्षक शिक्का मारलेल्या चिठ्ठ्या दगडाखाली, झाडाच्या बेचक्यात, बाकाच्या खालच्या फटीत लपवतात, सापडली की वही किंवा पेन्सिल मिळते. हे काम मागून घ्या आणि चिठ्ठीवर एकेक इंग्रजी शब्द लिहा. चिठ्ठ्या मुलांच्या संख्येपेक्षा पाच-सहा जास्त असाव्यात आणि 'एकाला एकच' हे सुरुवातीलाच सांगा. नाहीतर तीन चपळ मुलं पंधरा चिठ्ठ्या गोळा करतात आणि उरलेला वर्ग मुसमुसत बसतो. हद्द दोरीने किंवा झाडं दाखवून आखून द्या.

मुक्कामी सहलीत रात्रीचा पहारा असतो. मुलांच्या खोलीत एकटीने जाऊ नका, दार उघडं ठेवून दाराशीच थांबा. झोपलेल्याच्या तोंडाला टूथपेस्ट फासण्याची खोडी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती सकाळी डोळे पाहून ओळखता येते. डोळ्यात गेली असेल तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कळवा. आणि फोटो: मुलांचे चेहरे असलेले फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत. तिथे चेहऱ्यावरचा हक्क फार गंभीरपणे घेतात.

मुक्कामातल्या सामूहिक जेवणाबद्दल दोन आठवडे आधी सहशिक्षिकेला लिहून द्या, तोंडी नको. नुसतं 'छेशिक' (शाकाहार) म्हटलं तर ऐकणाऱ्याला 'ताटात दिसणारं मांस नको' एवढंच कळतं. म्हणून वस्तूंची नावं लिहा: 'कोगी' (मांस), 'सेंगसॉन' (मासे), 'हेमुल' (समुद्री जीव), 'म्योल्छी युक्सु' (सुक्या माशाचं पाणी, जे बहुतेक सूप आणि नूडल्समध्ये असतं) आणि 'चॉत्कल' (खारवलेली मासळी, जी किमचीत असते). बिबिंबापमधलं (भाज्या घालून कालवायच्या भातातलं) तिखट कधी कधी गोमांसाचा खिमा घालून परतलेलं असतं, ते वेगळं मागा. अडीअडचणीला दुकानात उकडलेली अंडी, भाजलेलं रताळं, केळी मिळतात. प्रवासात दोन केळी आणि सुक्या खोबऱ्याची चटणी जवळ असावी.

आता तुमचे स्वतःचे शनिवार-रविवार.

कोरिया लहान आहे, रेल्वे उत्तम आहे, आणि तरी नवी माणसं पहिल्या सहा महिन्यांत अर्धे शनिवार वाया घालवतात. कारण एकच: ती त्याच वेळी, त्याच दिशेने निघतात ज्या वेळी अर्धं सोल निघतं. शुक्रवारी संध्याकाळी बाहेर आणि रविवारी चार ते आठ परत, हे दोन पट्टे टाळा. शनिवारी पहिल्या गाडीने निघा आणि रविवारी दुपारी बाराच्या आत परत फिरा. केटीएक्सची, म्हणजे तिथल्या अतिवेगवान रेल्वेची, तिकिटं एक महिना आधी सकाळी ७ वाजता खुली होतात. सोल ते बुसान ५९,८०० वॉन आणि साधारण पावणेतीन तास. तेच अंतर मुगुंगह्वा या साध्या गाडीने २८,६०० वॉनमध्ये पण पाच तासांहून जास्त. जागा नसेल तर प्रवासाचे दोन तुकडे करून पाहा: सोल-देजॉन एका डब्यात, देजॉन-बुसान दुसऱ्यात, अशी जागा पुष्कळदा निघते. आदल्या रात्री उशिरा पुन्हा बघा, रद्द झालेली तिकिटं परत येतात. पहिल्या काही आठवड्यांत परदेशी नोंदणी कार्ड हातात नसतं, आणि फोन, बँक, अ‍ॅप सगळं त्याला बांधलेलं असतं. तोवर खिडकीवर जाऊन तिकीट काढा. रस्ते शोधायला गुगल मॅपवर विसंबू नका, चालण्याचा मार्ग तो तिथे धड दाखवत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या.

कॅलेंडरमध्ये दोन सण लाल पेनाने गोल करा: सॉल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसॉक (सुगीचा सण). दोन्ही चांद्र तिथीचे. छुसॉक त्यांच्या आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो. २०२५ मध्ये तो ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीच्याच दिवशी आला. २०२६ मध्ये २५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या वेळी आहे. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं जे होतं तेच तिथे सगळ्या देशाचं होतं. तिकिटं वेगळ्या तारखेला आधीच विकली जातात. त्या दिवसांत प्रवास करू नका. सोलमध्येच राहा, शहर रिकामं आणि सुंदर असतं.

वसंतात हवा पाहून निघा. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांचा आकडा, ३६ झाला की 'नाप्पुम', वाईट, आणि ७६ पासून फार वाईट. शाळाही याच आकड्यांवर मैदानी कार्यक्रम आत घेतात.

साप्ताहिक सुट्ट्याही लक्षात ठेवा: सोलमधला ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद, छांगदॉकगुंग राजवाडा सोमवारी. हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख घालून गेलं तर प्रवेश फुकट. उत्तरेच्या सीमेकडच्या सहलीला मूळ पासपोर्ट लागतो, त्याच्या झेरॉक्सवर सोडत नाहीत.

एकच शनिवार-रविवार असेल तर ग्योंगजू निवडा. मुलांची मुक्कामी सहल बहुधा तिथेच जाते, त्यामुळे आधी पाहून ठेवलेलं कामी येतं. आजचं ग्योंगजू स्टेशन शहराबाहेर आहे. शहरातलं जुनं स्टेशन डिसेंबर २०२१ मध्ये बंद झालं, जुन्या माहितीवर जाऊ नका. १० आणि ११ क्रमांकाच्या बस बुल्गुक्सा या बौद्ध मठाला जातात, एक उजवीकडून फिरते, दुसरी डावीकडून. बुल्गुक्सा आणि सॉक्कुराम हे बुद्धमूर्तीचं लेणं, दोन्ही १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि ४ मे २०२३ पासून तिथे प्रवेश शुल्क नाही. बुल्गुक्सा सकाळी आठच्या आत गाठा, साडेनऊला शाळांच्या बस येतात. संध्याकाळ वोल्जी तळ्यासाठी ठेवा.

डोंगर चढणाऱ्यांसाठी सोलमध्येच बुखानसान आहे. बेगुंडे शिखर ८३६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्मं. पण आकड्यावर जाऊ नका: शेवटचा टप्पा उघड्या ग्रॅनाइटचा आहे आणि लोखंडी तार धरून चढायचं असतं. सह्याद्रीतल्या बसाल्टवर पायाला खाच मिळते, इथे गुळगुळीत पाठ मिळते. पकड असलेले हातमोजे घ्या, पावसानंतर जाऊ नका, हिवाळ्यात बुटांना लावायचे खिळे न्या. वाटेवर ठरावीक अंतराने क्रमांकाचे खांब असतात. पाय मुरगळला तर ११९ ला फोन करून खांबावरचा क्रमांक वाचून दाखवा, भाषा येत नसली तरी ते पोहोचतात. एरवीच्या प्रवासातल्या अडचणींना १३३०, तिथे इंग्रजीत बोलता येतं.

आणि शाकाहारी माणसाची खरी सुट्टी म्हणजे मठातला मुक्काम. टेंपलस्टे नावाने हे २००२ पासून चालतं. एक रात्र, पहाटे उठणं, १०८ नमस्कार, आणि असं जेवण ज्यात मांस-मासे नाहीत, शिवाय कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला ते ताट परकं वाटत नाही. ताटात एक दाणाही टाकायचा नसतो, म्हणून कमी वाढून घ्या. इतर कोणत्याही मोठ्या मठाच्या वाटेवरच्या खानावळीत 'सांछे बिबिंबाप', डोंगरी पालेभाज्यांचा भात, मिळतो.

सुरुवातीला म्हटलेली ई-२ व्हिसाची अट ती हीच: कराराच्या शाळेशिवाय कुठेही पैसे घेऊन काम करता येत नाही. सुट्टीतल्या इंग्रजी शिबिराला किंवा पर्यटक गटाला 'मार्गदर्शक' म्हणून बोलावणं आलं, तर आधी शाळेची आणि इमिग्रेशनची परवानगी. १३४५ वर विचारता येतं.

बुसानला गेलात तर अर्धा दिवस गिम्हेसाठी काढा, हलक्या मेट्रोवर सुरो या प्राचीन राजाच्या समाधीच्या नावाचंच स्टेशन आहे. 'सामगुक युसा' या जुन्या ग्रंथात लिहिलंय की इ.स. ४८ मध्ये 'आयुता' नावाच्या देशातून हॉ ह्वांग-ओक नावाची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि सुरोची राणी झाली. पुष्कळ लोक आयुता म्हणजे अयोध्या मानतात. राणीच्या समाधीजवळ लालसर दगडांचा छोटा मनोरा आहे, तो तिने बोटीत बरोबर आणला असं सांगतात. कोरियन मुलांना ही गोष्ट ठाऊक असते. सोमवारी वर्गात 'गिम्हेला गेले होते' एवढं म्हणा, पुढचं ती तुम्हाला तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगतील.